स्टे हवाय? आधी आजचा फोटो काढा

शुक्रवारी संध्याकाळी सहानंतर फोन वाजला की न उचलता कळतं. कुठेतरी रेतीचा ट्रॅक्टर रिकामा झालाय, विटा उतरल्यात, आणि पलीकडचा माणूस धापा टाकत म्हणणार, ‘ताई, उद्या सकाळी स्टे आणून द्या.’ अशील गुजराती असेल तर, ‘बेन, गमे तेम करीने स्टे लावी आपो.’ उद्या दुसरा शनिवार, परवा रविवार. भिंत घालणाऱ्याला कोर्टाच्या सुट्ट्या आपल्यापेक्षा पाठ असतात.

बडोद्यात दिवाणी वकिली करते मी, सत्तावीस वर्षं झाली. पहिली वीस सूरसागर तलावाजवळच्या न्यायमंदिरात, म्हणजे जुन्या कोर्टाच्या इमारतीत गेली. ती इमारत मुळात मंडईसाठी बांधलेली. त्यामुळेच की काय, तिथल्या व्हरांड्यात घासाघीस करून तडजोडी पटकन व्हायच्या. २०१८ पासून कोर्ट दिवाळीपुऱ्याला आहे, तिथे लिफ्टची रांग मोठी. जागा बदलली तरी अशील मागतात ते तेच. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच ठेवावं: स्टे कसा मिळतो, कधी मिळत नाही, आणि वकिलाकडे यायच्या आधी तुम्ही काय करून ठेवायचं.

आधी शब्द. आपण सगळ्यालाच स्टे म्हणतो, पण वरच्या कोर्टाने खालच्या कोर्टाचं काम किंवा हुकूम थांबवला तर ती स्थगिती, आणि माणसाला ‘हे करू नकोस’ असं बजावलं तर तो मनाई हुकूम. शेजाऱ्याची भिंत, भावाने परस्पर लावलेलं कुलूप, दोघांना विकलं जाणारं एकच घर, ही सगळी मनाई हुकमाची कामं. त्यात कायमचा मनाई हुकूम दावा पूर्ण चालल्यावर, पुरावे झाल्यावर, निकालात मिळतो. त्याचे नियम १९६३ च्या स्पेसिफिक रिलीफ ॲक्टमध्ये आहेत. तात्पुरता मनाई हुकूम दावा चालू असेपर्यंतचा. तो १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत, ऑर्डर ३९ मध्ये. तुम्हाला सोमवारी हवा असतो तो हा दुसरा.

‘दावा-बिवा नको, नुसता स्टे घ्या,’ असं महिन्यातून एकदा तरी ऐकते. नुसता मिळत नाही. आधी दावा, आणि त्या दाव्यात मनाईचा अर्ज. त्या अर्जाला आपल्याकडे निशाणी ५ म्हणतात, गुजरातीत आंक ५. महाराष्ट्रातही तोच नंबर. संहितेत हा आकडा शोधायला जाऊ नका, ती नुसती रीत आहे.

निशाणी ५ वर न्यायाधीश तीन गोष्टी बघतात. सुप्रीम कोर्टाने दलपतकुमार विरुद्ध प्रल्हादसिंग या निकालात त्या नीट मांडल्यात: प्रथमदर्शनी केस, सोय-गैरसोयीचं पारडं, भरून न येणारं नुकसान. तिन्ही लागतात, दोनांवर भागत नाही. माझ्या आत्याच्या घरावरून सांगते, म्हणजे लक्षात राहील.

आत्याचं घर दांडिया बाजारात. जुना वाडा, मध्ये चौक, चौकात जाळी घातलेली विहीर. पुढचा भाग तिच्या पुतण्याकडे, मागचा आत्याकडे, आणि मागे जायची वाट चौकातूनच. पुतण्याने नवी गाडी घेतली आणि गाडीसाठी चौकात भिंत घालायची ठरवलं. आत्याच्या ट्रंकेत १९७१ चं नोंदणी केलेलं वाटणीपत्र होतं, त्यात स्वच्छ अक्षरात ‘चौक व विहीर सामाईक’. ही झाली प्रथमदर्शनी केस. याचा अर्थ आत्या जिंकली असा नव्हे. तिच्या हातात चालवून बघण्यासारखं काहीतरी आहे, एवढाच. आता पारडं. आज भिंत थांबवली तर पुतण्याचं काय जातं? सिमेंटच्या पंधरा गोण्या कडक होतील आणि गाडी आणखी काही महिने रस्त्यावर उभी राहील. नाही थांबवली तर एक्याऐंशी वर्षांच्या बाईला स्वतःच्या स्वयंपाकघरात जायला वाट नाही. आणि तिसरी गोष्ट, हे नुकसान नंतर पैसे देऊन भरून निघेल का? घराची एकुलती एक वाट बंद झाल्यावर तिची किंमत कोण लावणार?

याच्या उलट शहरातल्या वाडी भागातल्या एका फरसाणवाल्याची गोष्ट. मशीनसाठी ॲडव्हान्स दिला, मशीन आलं नाही, आणि त्याला विकणाऱ्याचा सगळा धंदा बंद पाडणारा स्टे हवा होता. मी म्हटलं, भाऊ, तुमचं नुकसान साडेतीन लाख, हा आकडा तुम्हीच मला आत आल्या आल्या सांगितलात. आकडा सांगता येतो तिथे वसुलीचा दावा करायचा. तो रागावून दुसऱ्या वकिलाकडे गेला. तिथे त्याने अर्ज केला, तो नामंजूर झाला, आणि सात महिने वाया घालवून तो परत माझ्याकडे आला. फरसाण मात्र घेऊन आला.

आता फोटोचं. हे शिकायला मला एकदा भर कोर्टात मान खाली घालावी लागली आहे, म्हणून जरा सविस्तर.

दहा-बारा वर्षांपूर्वी एक अशील फोटो घेऊन आला. शेजाऱ्याने सामाईक गल्लीत चुन्याच्या रेघा मारलेल्या, चार खुंट्या ठोकलेल्या. मी दाव्यात लिहिलं, ‘प्रतिवादी बांधकाम सुरू करण्याच्या तयारीत आहेत.’ न्यायाधीशांनी समोरच्याला न ऐकताच थोड्या दिवसांचा मनाई हुकूम दिला आणि जागेवर कोर्ट कमिशनर, म्हणजे जागा पाहून अहवाल देणारा कोर्टाचा माणूस, पाठवला. मीही सोबत गेले. जाऊन बघते तर भिंत लिंटलपर्यंत, म्हणजे दाराच्या वरच्या पट्टीपर्यंत आलेली. फोटो तीन आठवड्यांपूर्वीचा होता. अशील म्हणाला, ‘ताई, झालंय म्हणून सांगितलं असतं तर स्टे मिळाला नसता ना!’ पुढच्या तारखेला समोरच्या वकिलांनी माझाच परिच्छेद मोठ्याने वाचला, मग कमिशनरचा अहवाल वाचला, आणि खाली बसले. हुकूम तिथल्या तिथे रद्द. न्यायाधीश मला काहीच बोलले नाहीत, नुसतं चष्म्यावरून पाहिलं. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

या प्रकरणात दोन गोष्टी एकत्र बुडाल्या. मनाई हुकूम पुढचं थांबवतो, झालेलं पुसत नाही. झालेली भिंत पाडायला लावायची तर ‘करू नकोस’ नव्हे, ‘कर’ म्हणणारा हुकूम लागतो, आणि दावा चालू असताना तसा हुकूम द्यायला कोर्ट फार सांभाळून पावलं टाकतं. १९९० च्या दोराब कावसजी वॉर्डन या निकालाने त्याची पट्टी ठरवली: नुसती प्रथमदर्शनी केस पुरत नाही, तुमची बाजू त्याहून भक्कम असावी लागते, आणि मागणी सहसा एवढीच असावी की भांडण सुरू होण्याआधी शेवटची जी बिनवादाची स्थिती होती ती परत आणा. म्हणजे खुंट्या दिसल्या त्या दिवशी आलात तर काम सोपं, लिंटल झाल्यावर आलात तर अवघड. दुसरी गोष्ट, मनाई हुकूम ही कोर्टाच्या मर्जीतली सवलत आहे आणि लपवाछपवी करणाऱ्याला ती मिळत नाही. तसं स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या कलम ४१ मध्येच लिहिलंय: वागणूक अशी असेल की मदत द्यावीशी वाटू नये, तर मनाई हुकूम नाही.

तेव्हापासून माझ्या ऑफिसात अशील बसला की पहिला प्रश्न केसबद्दल नसतो. ‘समोरचा तुमच्याबद्दल सगळ्यात वाईट काय सांगेल?’ हा असतो. तुम्ही तीस हजार घेऊन सही दिलीत, असं तो सांगेल? मग ते आपणच दाव्यात लिहू, कारण देऊन लिहू. पूर्वी असाच अर्ज करून तो काढून घेतलाय? तेही लिहू. दाव्यासोबत तुमचं प्रतिज्ञापत्र असतं, सही तुमची असते. सही करण्याआधी वाचा. ‘तुम्ही लिहिलंय म्हणजे बरोबरच असेल’ असं मला म्हणू नका.

मग फोन येताच मी काय सांगते? पहिलं, आता या क्षणी फोटो आणि व्हिडिओ काढा. चारही बाजूंनी, लांबून आणि जवळून, शेजारची ओळखीची खूण चौकटीत येईल असे. दुसऱ्या दिवशी परत, त्याच जागेवर उभं राहून. फोटो व्हॉट्सॲपवर मला पाठवा, पण मूळ फोटो फोनमधून उडवू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे असल्या पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि ते कोणत्या फोनमधून आलं हे सांगावं लागतं. मग कागद. मालकीचा दस्त, सिटी सर्व्हेचं मिळकत पत्रक, जमीन असेल तर सातबारा. पण त्याहून आधी ताबा दाखवणारे कागद: वेऱ्याची म्हणजे घरपट्टीची पावती, लाइट बिल, गॅसचं बिल, कुरिअरचं पाकीटसुद्धा. लोक सोन्यासारखे दस्त जपतात आणि बिलं रद्दीत देतात. निशाणी ५ वर मात्र ‘आज तिथे कोण राहतं?’ हा प्रश्न ‘मालक कोण?’ याच्या आधी येतो.

ताब्यावरून एक कडू गोष्ट सांगायला हवी, कारण बडोद्यात निम्मे बंगले अमेरिकेतल्या मुलांचे आणि सांभाळायला कुणीतरी ठेवलेलं. सांभाळणारा वीस वर्षं राहिला म्हणून त्याचा हक्क तयार होत नाही. सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये मारिया मार्गारिडा प्रकरणात हे बजावून सांगितलंय: रखवालदार, नोकर, मालकाच्या सांगण्यावरून राहणारा, कितीही वर्षं झाली तरी तो मालकाच्या वतीनेच बसलेला असतो, मालकाविरुद्ध त्याला मनाई हुकूम नाही. उलट भाडेकरू किंवा स्वतःच्या नावाने शांतपणे, उघडपणे स्थिर ताब्यात असलेला माणूस असेल तर खऱ्या मालकालाही त्याला मुसंडी मारून काढता येत नाही, कायद्याच्या रस्त्यानेच जावं लागतं. आणि मालकीवरच धूर असेल, समोरचा तुमच्या हक्कालाच आव्हान देत असेल, तर नुसत्या मनाईचा दावा टिकत नाही, मालकी जाहीर करून मागावी लागते. २००८ चा अनाथुला सुधाकर हा निकाल त्यासाठीच आम्ही रोज काढतो.

बानाखताची, म्हणजे खरेदीखताआधीच्या विक्रीच्या कराराची, गोष्ट वेगळी. तुम्ही घराचं बानाखत केलं, पैसे दिले, आणि मालक तिसऱ्याला विकायला निघाला. इथे करार पुरा करून मागण्याचा दावा आणि विक्रीला मनाई, दोन्ही एकत्र मागायचे. सोबत प्रलंबित दाव्याची नोटीस, म्हणजे या घरावर दावा चालू आहे अशी सूचना, सब-रजिस्ट्रारकडे नोंदवून टाका. आपल्याकडे ती नोंदवलेली नसेल तर मधल्या खरेदीदाराला ‘मला माहीत नव्हतं’ म्हणायला जागा राहते. हे काम वकीलही कधी कधी विसरतात. पण मालकाने मार्चमध्ये ‘विकणार नाही’ म्हटलं आणि तुम्ही दिवाळीनंतर आलात, तर मी अर्ज करीन, पण पहिला प्रश्न येईल: मधले आठ महिने काय करत होता? उशिराला नीट कारण हवं. ‘बोलणी चालू होती’ हे कारण चालतं, पण बोलणी दिसायला हवीत, मेसेज हवेत.

समोर सरकारी खातं असेल तर दावा लावण्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस. तातडी असेल तर कोर्टाची परवानगी घेऊन नोटिशीशिवाय लावता येतो, पण सरकारचं ऐकून घेतल्याशिवाय हुकूम होत नाही. परवानगीविना बांधलेला मजला वाचवायला मात्र माझ्याकडे येऊ नका.

आता तुमचा लाडका प्रश्न: समोरच्याला न कळवता मिळेल का? मिळू शकतो, पण तो नियम नाही, अपवाद आहे. ऑर्डर ३९ रूल ३ सांगतो, नोटीस काढल्याने हुकमाचा हेतूच बुडत असेल तरच एकतर्फी द्यायचा, आणि का दिला ते लिहायचं. मिळाला की तुमच्यावर काम पडतं: अर्ज, प्रतिज्ञापत्र, दावा, कागद, सगळ्याच्या नकला समोरच्याला लगेच रजिस्टर पोस्टाने पाठवायच्या किंवा हातात द्यायच्या, आणि ते केल्याचं प्रतिज्ञापत्र त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कोर्टात द्यायचं. हे चुकलं तर समोरचा वकील तेवढ्यावरच हुकूम उडवायला उठतो. तीस दिवसांत अर्ज निकाली काढायचा प्रयत्न कोर्टाने करावा असंही लिहिलंय. प्रत्यक्षात तीस दिवसांत बहुतेक वेळा समोरच्याचं म्हणणंच येतं. माझ्या अनुभवात बहुतेक न्यायाधीश पहिल्या दिवशी तातडीची नोटीस काढतात आणि चार-पाच दिवसांची तारीख देतात. त्यात चिडण्यासारखं काही नाही. उद्या तुम्हीच समोरच्या बाजूला असाल.

कधी कधी हातात येतं ते ‘जैसे थे’. अशील खूश होऊन पेढे आणतात. मी पेढा खाते, पण सांगते, थांबा. जैसे म्हणजे कसे? तुम्ही म्हणता ताबा माझा, तो म्हणतो ताबा त्याचा, आणि कोर्टाने म्हटलं दोघांनी जसं आहे तसं ठेवा. दुसऱ्या दिवशी दोघंही तोच हुकूम फडकवत एकाच कुलपापाशी उभे! म्हणून जैसे थे मागतानाच कमिशनरचा पंचक्यास मागून घ्यायचा, महाराष्ट्रातले पंचनामा म्हणतील. भिंत किती फूट, दार कुठल्या बाजूला, कुलूप कुणाचं, आत सामान कुणाचं, हे सगळं नकाशासकट रेकॉर्डवर आलं की जैसे थेला अर्थ येतो. यासाठी ऑर्डर ३९ रूल ७ आणि ऑर्डर २६ रूल ९ आहेत. कमिशनरच्या फीचे पैसे वाचवू नका.

हुकूम मिळाल्यावर लोक तो घेऊन सरळ पोलीस ठाण्यात जातात आणि परत येऊन मला शिव्या देतात. दिवाणी हुकूम पोलीस आपणहून राबवत नाहीत. बंदोबस्त हवा असेल तर त्यासाठी कोर्टातच वेगळा अर्ज. समोरच्याने हुकूम मोडला तर ऑर्डर ३९ चाच रूल २अ: त्याची मालमत्ता जप्त होऊ शकते, आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद. त्यासाठीही पुन्हा फोटो, तारखा, साक्षीदार. आणि हुकूम त्याच्यापर्यंत पोचला होता हे दाखवावं लागतं, म्हणून बजावणीचा कागद जपा.

हुकूम तुमच्याविरुद्ध गेला तर दोन रस्ते. परिस्थिती बदलली असेल किंवा समोरच्याने खोटं सांगून घेतला असेल तर रूल ४ खाली त्याच कोर्टात रद्द करून मागा. नाहीतर अपील, दिवाणी न्यायाधीशाच्या हुकमावर सहसा जिल्हा कोर्टात, तीस दिवसांत. आणि पुरेशा कारणाशिवाय तुमच्यावर मनाई आणली असेल तर संहितेच्या कलम ९५ खाली पन्नास हजारांपर्यंत भरपाईही मागता येते. फार कमी लोक मागतात.

‘ताई, सहा महिने झाले, स्टे आपोआप उडाला ना?’ हेही हल्ली खूप येतं. २०१८ च्या एका निकालाने खटल्यांवरची वरच्या कोर्टांची स्थगिती सहा महिन्यांनी संपते असं म्हटलं होतं. निशाणी ५ च्या हुकमाचा त्याच्याशी तसाही संबंध नव्हता, आणि २९ फेब्रुवारी २०२४ ला पाच न्यायाधीशांच्या पीठाने तो नियम मागे घेतला. हुकुमात तारीख लिहिलेली असेल तर ती बघा, नसेल तर तो आहे.

शेवटी बचावाचं एक स्वस्त हत्यार. कुणीतरी तुमच्याविरुद्ध स्टे आणेल अशी भीती असेल तर संहितेच्या कलम १४८अ खाली कॅव्हेट, म्हणजे ‘आधी मला कळवा’ असा अर्ज, दाखल करा. मग तुम्हाला कळवल्याशिवाय कोर्ट अर्जावर हुकूम करत नाही. कॅव्हेटची प्रत समोरच्याला रजिस्टर पोस्टाने पाठवावी लागते, त्यामुळे तुम्हाला भीती वाटते हे त्याला कळतं. पण ते त्याला बहुधा माहीतच असतं. कॅव्हेट नव्वद दिवस टिकते, मग नवी घालायची.

आत्याच्या चौकातली भिंत झाली नाही. मनाई हुकूम मिळाला, पुतण्या अपिलात गेला, तिथेही टिकला, दावा अजून चालू आहे. आता पुतण्या म्हणतो, ती मागच्या बाजूची कौलं बदलायला लागली की तो स्टे आणणार. म्हणून आत्याची कॅव्हेट. दर तीन महिन्यांनी सकाळी सात वाजता फोन येतो, ‘अगं, आज अठ्ठ्याऐंशीवा दिवस.’ मी डायरी उघडून बघते. आजवर तिचा आकडा एकदाच चुकला, आणि त्या खेपेलाही कॅव्हेट संपलेली मलाच कळली नव्हती.